महाशिवरात्रीचा जागर



गेल्या महाशिवरात्रीला आपल्या मंडळाचे भजन रात्री दहाला आटोपले. पेटीवर कापड चढले, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, आणि जिन्यात चपला शोधता शोधता एका नव्या सभासद भगिनीने मला विचारले, "काकू, पूर्वी म्हणे बायका रात्रभर जागत असत. त्याने मिळायचे काय?" मी "पुण्य" असे काहीतरी उत्तर दिले. त्या एका शब्दाने आपल्याकडे पुष्कळशी संभाषणे संपतात. पण त्या मुलीचे समाधान झालेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझेही नव्हते. पुढे वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी लेखाचा तगादा लावला, तेव्हा तोच प्रश्न हाती घ्यावा असे मी ठरविले. मी कोणी शास्त्री नव्हे. परंतु वाचनाची हौस आहे, आणि एका जाग्या रात्रीची आठवण गाठीशी आहे. तेवढ्या भांडवलावर हे लिहीत आहे.

प्रथम शब्दापासून आरंभ करू. आपल्या मराठीत 'जागरण' आणि 'जागर' असे दोन शब्द आहेत, आणि कोणतीही गृहिणी त्यांची गल्लत करीत नाही. मूल तापाने फणफणले, पाहुण्यांची गाडी उशिरा आली, शेजारच्या लग्नाचा मांडव रात्रभर गाजला, की आपण म्हणतो, "फार जागरण झाले." त्या म्हणण्यात डोकेदुखी असते, पित्त असते. जागर मात्र 'होत' नाही. तो आपण घालतो, मांडतो, करतो. आणखी एक प्रयोग पाहा. मिठाला जागणे, उपकाराला जागणे, दिल्या शब्दाला जागणे. येथे झोपेचा काही संबंध नाही. मनुष्य दिवसा बारा वाजता गादीवर लोळत असेल, तरी शब्दाला जागणारा असू शकतो. आपल्या पूर्वजांनी हे क्रियापद असे का वापरले असेल, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. त्याकडे पुढे येईनच.

जागराचे भावंड म्हणजे उपवास, आणि त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. शतपथ ब्राह्मणाच्या अगदी आरंभी असा विचार आला आहे की, उद्या यज्ञ करावयाचा असे यजमानाने मनाशी ठरविले की देवांना ते कळते, आणि ते आदल्या दिवशीच त्याच्या घरी येऊन राहतात. मग दारी पाहुणे उपाशी असता घरच्याने जेवावे कसे? म्हणून त्या दिवशी खावयाचे नाही. बाकीच्या तत्त्वज्ञानाआधी हा साधा घरगुती शिष्टाचार आहे, आणि तो आपणा बायकांना समजावून सांगावा लागत नाही. त्याच ठिकाणी याज्ञवल्क्यांनी तोड काढली आहे की, जे खाल्ले तरी न खाल्ल्यासारखे होते ते खावे. म्हणजे रानात उगवणारे आणि झाडाची फळे. आपली रताळी, वरीचे तांदूळ आणि महाशिवरात्रीची कवठाची चटणी यांच्यावरील वाद किती जुना आहे, हे यावरून दिसेल! त्या रात्री यजमानाने अग्नीच्या घरात, जमिनीवर निजावे असेही सांगितले आहे. निजावे, जागावे नव्हे. परंतु निजावयाचे ते आपल्या खोलीत नाही, पलंगावर नाही. आलेल्यांच्या जवळ, त्यांच्यापेक्षा खाली. जागराचे मूळ मला येथे दिसते. सोमयागांपैकी 'अतिरात्र' नावाच्या यागात तर रात्रभर स्तोत्रे आणि शस्त्रे चालत. अग्नी जागा असतो आणि जो जागा असतो त्याच्याकडे ऋचा आपण होऊन येतात, अशी सुंदर कल्पना ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात आहे. कठोपनिषदातला नचिकेत यमाच्या दारी तीन रात्री अन्नावाचून थांबला, आणि त्या तीन रात्रींचे तीन वर त्याला मिळाले. रात्र, उपास आणि वाट पाहणे ही तिन्ही अशी फार पूर्वीपासून एकत्र नांदत आली आहेत.

आता शिवरात्र. प्रत्येक वद्य चतुर्दशी ही शिवरात्रच. आपण माघ वद्य चतुर्दशीला महाशिवरात्र म्हणतो. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो म्हणून ते तिला फाल्गुनातली म्हणतात, रात्र एकच. इतर पुष्कळ व्रतांत सूर्योदयाची तिथी पाहतात, परंतु येथे मध्यरात्र पाहावी लागते. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत रात्रीचे पंधरा मुहूर्त मानले, तर त्यांतला मधला आठवा तो निशीथकाळ. रात्र बारा तासांची धरली तर हा काळ ४८ मिनिटांचा होतो. त्या वेळी चतुर्दशी असली पाहिजे, कारण ब्रह्मदेवाला आणि विष्णूला ज्याचा आदि-अंत सापडला नाही ते तेजाचे लिंग त्याच घटकेला प्रकट झाले, अशी श्रद्धा आहे. रात्रीचे चार याम, आणि प्रत्येक यामाला एक पूजा. पहिल्या यामात दुधाचे स्नान, दुसऱ्यात दह्याचे, तिसऱ्यात तुपाचे आणि चौथ्यात मधाचे. पूजा चार यामांत वाटलेली असल्यामुळे मधल्या वेळात निजून चालत नाही. जागर हा पूजेला चिकटवलेला भाग नसून त्या रात्रीची घडणच तशी आहे.

तरी पंडितांत वाद झालाच. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात (त्याचा पहिला भाग १९५८ साली निघाला) व्रतांचा प्रचंड ऊहापोह केला आहे. बंगालच्या रघुनंदनाच्या 'तिथितत्त्वा'त शिवरात्रीला उपवासच मुख्य मानला आहे. उलट उपवास, पूजा आणि जागर ही तिन्ही मिळून व्रत होते, असा हेमाद्रीचा आणि माधवाचा पक्ष. हा हेमाद्री म्हणजे आपले हेमाडपंत, देवगिरीच्या महादेव आणि रामदेवराव यादवांचे अधिकारी, ज्यांच्या नावाने आपण हेमाडपंती देवळे ओळखतो. त्यांच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'चे व्रतखंड म्हणजे व्रतांचा समुद्रच आहे. पुढे मूळ पैठणच्या घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीस 'निर्णयसिंधु' लिहिला आणि पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० साली 'धर्मसिंधु'. आपले पंचांग आजही यांच्या शब्दावर चालते. महाराष्ट्राच्या या माणसांनी आपल्या रात्री किती बारकाईने मोजून ठेवल्या आहेत!

परंतु या सर्व पांडित्यात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट निराळीच आहे. शिवरात्रीचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर निबंधकार देतात की, सर्वांना. ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत सर्व वर्णांच्या माणसांना, पुरुषांना तसेच स्त्रियांना. हेच ग्रंथ अन्यत्र स्त्रीने व्रत घेण्यापूर्वी पित्याची, पतीची किंवा पुत्राची अनुज्ञा घ्यावी असे बजावतात, हे मी लपवून ठेवीत नाही. जुन्या ग्रंथांत दार उघडणारे आणि दार लावणारे हात पुष्कळदा एकाच माणसाचे असतात. तरीही या रात्रीपुरते दार सताड उघडे राहिले. आणि ते उघडे राहण्याचा अर्थ काय, हे मी ग्रंथांत वाचण्याच्या कितीतरी आधी डोळ्यांनी पाहिले होते.

कृष्णाकाठच्या आमच्या घरी वडिलांच्या आत्या असत. सारे त्यांना आत्याबाई म्हणत. बाराव्या वर्षी त्या विधवा होऊन माहेरी परत आल्या होत्या. लाल आलवण, आणि बाकी सर्व त्या काळच्या रीतीप्रमाणे; अधिक वर्णन नको. श्रावणात घरी मंगळागौर असे. नव्या नवऱ्या, शेजारच्या लेकीसुना, माजघरात पाऊल ठेवायला जागा नाही. फुगड्या, झिम्मा, नाच गं घुमा, कोंबडा. पहाटेपर्यंत घर दणाणत असे. वर्षभर ज्यांनी मान वर केली नाही त्या मुली त्या एका रात्री मोठ्याने हसत. मंगळागौरीचे खरे माहात्म्य मला आजही त्या हसण्यात वाटते. आत्याबाई मात्र स्वयंपाकघराच्या दाराआड बसत. उद्याच्या भाजणीचे निवडणे, वाटल्या डाळीचे पाहणे, ही कामे त्यांची. आणि गंमत अशी की (गंमत म्हणवत नाही) खेळांची सारी गाणी एकट्या आत्याबाईंना पाठ होती. मधेच एखादी मुलगी पुढचे शब्द विसरली की खेळ थबके, आणि मग अंधारातून आत्याबाईंचा हलका आवाज येई. दोन शब्द. गाणे पुन्हा पुढे सरके. कोणी मागे वळून पाहत नसे. जागर सर्वांचा, आणि त्या रात्री सर्वांत अधिक जागणारी बाई त्या जागरात नाही, असे ते दृश्य होते.

महाशिवरात्रीला याच आत्याबाई दिवेलागणीच्या आत घाटावरच्या देवळात जाऊन सभामंडपात अगदी पुढे, खांबाला पाठ न लावता बसत. तेथे त्यांना कोणी उठ म्हणत नसे. शेजारी सुवासिनी बसत, मागे कोळ्यांच्या बायका, पलीकडे कुंभारवाड्यातल्या म्हाताऱ्या. मी आठ-नऊ वर्षांची असेन, हट्टाने त्यांच्याबरोबर गेले होते. आत्याबाईंच्या हातात 'शिवलीलामृत' होते. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी बारामतीस शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली पूर्ण केलेला हा चौदा अध्यायांचा ग्रंथ महाराष्ट्रातल्या किती बायकांनी अक्षरओळख झाल्याबरोबर पहिल्यांदा हाती धरला असेल, याची गणती करवणार नाही. संस्कृत पुराणांतली शिवरात्र श्रीधरांनी ओवीत आणून आमच्या मांडीवर ठेवली. आत्याबाई त्या रात्री दुसरा अध्याय वाचीत, आणि बाकीच्या बायका ऐकत.

दुसरा अध्याय म्हणजे व्याधाची गोष्ट. ती जुन्या पुराणांत निरनिराळ्या नावांनी आली आहे. गरुडपुराणात सुंदरसेनक नावाचा निषादांचा राजा आहे. गोष्ट आपण सर्वजणी जाणतो, तरी थोडक्यात सांगते. शिकार न मिळालेला, दिवसभराचा उपाशी व्याध रात्री पाणवठ्याजवळ बेलाच्या झाडावर चढून बसतो. समोरचे नीट दिसावे म्हणून पाने तोडून खाली टाकतो. खाली लिंग आहे हे त्याला ठाऊक नाही. एक हरिणी येते. तो बाण लावतो. ती म्हणते, मी गाभण आहे, घरी जाऊन, निरवानिरव करून परत येते. तो तिला सोडतो. मग दुसरी येते, मग मृग येतो. प्रत्येकाची काही अडचण, प्रत्येकाचे वचन. रात्र अशी सरते. सकाळी सारे हरणांचे कुटुंब खरेच परत येते, आणि आधी मला मार, आधी मला मार, म्हणून पुढे होते. व्याधाचा हात खाली येतो.

कीर्तनकार या गोष्टीतून सांगतात की, नकळत घडलेल्या उपवासाचे, जागराचे आणि बेलाच्या पानांचे एवढे फळ, मग जाणून केल्यास किती! मला हे गणित कधी पटले नाही. केवळ उपाशी राहून, जागून आणि पाने टाकून फळ मिळते, तर पहिली हरिणी येण्याआधीच व्याधाला विमान यावयास हवे होते. व्याध त्या रात्री जागा होता तो पोटासाठी. घुबडही तसेच जागते. रात्रीत एकच गोष्ट नवी घडली, ती ही की मारण्यासाठी टक लावून बसलेल्या माणसाला समोरच्याचे बोलणे ऐकून घ्यावे लागले. दिवसा, धावपळीत, त्याने कोणत्या हरिणीचे ऐकले असते? आणि हरणे? ती तर त्या रात्री झोपली किंवा जागली याचा पुराणकाराने उल्लेखही केलेला नाही. पण ती परत आली. दिल्या शब्दाला जागली. मघाशी मी जे क्रियापद राखून ठेवले होते, ते येथे कामी येते. गोष्टीतले खरे जागे कोण, हे आपल्या भाषेने केव्हाच ठरवून टाकले आहे. व्याध त्यांच्याकडून जागणे शिकला, आणि मगच रात्र पुरी झाली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, सर्व भूतांची जी रात्र असते तिच्यात संयमी जागा असतो, असे सांगितले आहे. तेथेही पापण्यांविषयी बोलणे चाललेले नाही, असे मला वाटते.

जाग्या राहिलेल्या आणखी एकाविषयी सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, जरी त्याने पुढे आपल्या पूजेलाच विरोध केला. काठेवाडात तेव्हाच्या मोरवी संस्थानात टंकारा गाव होते. तेथला मूळशंकर नावाचा चौदा वर्षांचा मुलगा वडिलांच्या आग्रहावरून शिवरात्रीचा उपवास करून देवळात जागत बसला. अर्ध्या रात्रीनंतर पुजारी झोपले, मोठी माणसे झोपली, वडीलही झोपले. मुलगा मात्र डोळ्यांना पाणी लावून जागा राहिला, कारण निजल्यास व्रत फुकट जाते असे त्याला सांगण्यात आले होते. तेव्हा उंदीर बाहेर आला आणि पिंडीवर चढून नैवेद्य खाऊ लागला. ज्याने जग निर्माण केले तो उंदराला का हाकलीत नाही, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला. त्याने वडिलांना उठवून तो विचारला. उत्तराने समाधान झाले नाही. मग घरी जाऊन आईजवळ खाऊन तो झोपला. हाच मुलगा पुढे स्वामी दयानंद झाला. १८७५ च्या एप्रिलात मुंबईस त्यांनी आर्यसमाज स्थापन केला, आणि त्याच वर्षी महादेव गोविंद रानडे आदी मंडळींच्या निमंत्रणावरून पुण्यात व्याख्याने दिली. त्यांतल्या एकात हा वृत्तान्त त्यांनी स्वतः सांगितला. आर्यसमाजी मंडळी ती रात्र बोधरात्र म्हणून मानतात. आपण त्यांची मते मानोत वा न मानोत, त्या देवळात त्या रात्री जागर एकाचाच झाला, आणि तो व्रत मोडणाऱ्याचा, हे कबूल करावे लागते. प्रश्न पडला की झोप उडते. परंतु झोप न आली म्हणून प्रश्न पडतोच असे नाही. ज्यांनी हल्ली महाशिवरात्रीला पत्त्यांचे डाव मांडून किंवा एकापुढे एक चित्रपट लावून पहाट केली आहे, त्यांना हे मी सांगावयास नको.

म्हणून दहाला भजन संपले याचे मला एवढे वाईट वाटत नाही. सकाळी कोणाला कचेरी, कोणाला मुलांची शाळा. सोसायटीचे फाटक साडेदहाला बंद होते. बायकांची झोप मुळातच थोडी, ती आणखी तोडा असे सांगण्याचे मला धैर्य नाही. माझे म्हणणे निराळे आहे. आपल्या मंडळात गेली कित्येक वर्षे मंगळागौरीचे खेळ होतात, बक्षिसेही मिळतात. त्या रात्रीचे बोलावणे अजून यादी पाहून जाते, आणि काही घरे त्या यादीतून गळतात. कोणी मुद्दाम गाळीत नाही. "त्यांनाच अवघड वाटेल," असे म्हणतात. मीही म्हटले आहे, दोन वेळा. त्यांतल्या एका वेळी ती भगिनी शेजारच्या खोलीत होती आणि तिने ते ऐकले. या वर्षी बोलावणे सर्व घरी जावे असा ठराव मी कार्यकारिणीपुढे लेखी ठेवला आहे. त्याचा निर्णय ही स्मरणिका आपल्या हाती पडेल तोवर झालेला असेल.

आता ती आठवण. देवळात तिसऱ्या यामाची पूजा झाली, तेव्हा मी पेंगत होते. आत्याबाईंनी मला दंडाला धरून बाहेर घाटावर नेले आणि नदीचे पाणी डोळ्यांना लावले. पश्चिमेकडे मृग नक्षत्र खाली उतरत चालले होते आणि त्याच्या मागे व्याधाचा मोठा तारा लखलखत होता. "ती बघ हरणे," त्या म्हणाल्या, "आणि तो मागे व्याध." मी विचारले, "अजून पाठलाग करतो?" त्या म्हणाल्या, "छे गं. त्यांना घरी पोचवायला जातो." असे कोणत्या ग्रंथात आहे, ते मी पुढे पुष्कळ शोधले; सापडले नाही. आम्ही पायऱ्यांवर बसून राहिलो. दोन्ही पाण्यापलीकडच्या झाडीत बुडेपर्यंत आत्याबाईंनी मंगळागौरीतली गाणी एकामागून एक, मोकळ्या आवाजात म्हटली. मग आत घंटा वाजली आणि चौथ्या पूजेसाठी मधाची वाटी घेऊन त्या उठल्या.